सर्व्हरच्या नोंदी अबोल होतात तेव्हा...

ठाणे, खास प्रतिनिधी

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला आणि लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघा या ४०० केव्ही वाहिनीच्या एका सर्किटची देखभाल सुरू असताना भार दुसऱ्या सर्किटवर होता व तेथे तांत्रिक बिघाड झाला, असे तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्या दिवशी स्पष्ट केले होते. १ मार्च २०२१ रोजी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन घातपाताची शक्यता वर्तवली, तर दुसऱ्याच दिवशी तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ही मानवी चूक असल्याचे सांगितले. असा वाद उभा राहिला की त्याचा निवाडा बव्हंशी संगणकीय नोंदींवर, म्हणजेच लॉगवर येऊन ठेपतो. त्या नोंदी जागेवर नसतील तर उरतो तो केवळ तर्क.

लॉग म्हणजे सर्व्हरची रोजकीर्दच. कोणी प्रवेश केला, कोणती सेवा बंद पडली, कोणता व्यवहार नाकारला गेला, या साऱ्याची वेळेसह ओळ तीत पडत असते. सर्व्हर मात्र बहुधा देखरेख करणाऱ्यांच्या जवळ नसतो. तो ऐरोली-महापे पट्ट्यातील डेटा सेंटरमध्ये असतो आणि त्यावर लक्ष ठेवणारे ठाण्यात किंवा डोंबिवलीत बसलेले असतात. म्हणून प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम, ज्याला एजंट म्हणतात, ठेवला जातो. तो लॉग फाइल वाचून ओळी मध्यवर्ती संगणकाकडे धाडतो. ही साखळी तुटली, तरी सर्व्हर आपले काम बिनबोभाट करीतच राहतो. पडद्यावर लाल खूण नाही, याचा अर्थ सारे आलबेल आहे असा घेतला जातो, आणि खरा धोका येथेच आहे.

ठाण्याची टीजेएसबी, डोंबिवली नागरी आणि कल्याण जनता या सहकारी बँकांची मुख्यालये याच टापूत आहेत. येथील हजारो मध्यमवर्गीय कुटुंबांच्या ठेवी सहकारी बँकांत आहेत. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चार स्तरांची चौकट जाहीर केली, तिला पार्श्वभूमी होती पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील हल्ल्याची. ऑगस्ट २०१८ मध्ये या बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. त्यातील एटीएम व्यवहारांना बँकेच्या मुख्य यंत्रणेला वळसा घालून बनावट स्विचकडून मंजुरी दिली गेली होती. शांत यंत्रणा ही सुरक्षित यंत्रणा असतेच असे नाही, हे त्यातून दिसले.

शोध मुळापासून

नोंदी येईनाशा झाल्या की पहिला संशय नेटवर्कवर घेण्याची प्रथा आहे. ती सोयीची असली तरी शोधाची सुरुवात सर्व्हरवरील मूळ फाइलपासून व्हावी. तिच्यात नवी ओळ पडते आहे काय, हे आधी पाहावे. डिस्क भरली असेल तर लिहिणाराच थांबलेला असतो.

फाइल वाढते आहे, पण ओळ पुढे जात नाही, अशा वेळी वाचनाचा अधिकार तपासावा. येथे अनुभवी मंडळीही फसतात. ती ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याने फाइल उघडतात, ती उघडते, आणि अधिकार ठीक असल्याचा निर्वाळा दिला जातो. एजंट मात्र वेगळ्या, मर्यादित खात्याने चालत असतो. त्याच खात्याने फाइल वाचून पाहिल्याशिवाय ही परीक्षा पुरी होत नाही.

नोंदी ठरावीक दिवशी, बहुधा मध्यरात्री वा पहाटे थांबत असतील, तर संशयाची सुई ‘लॉगरोटेट’कडे वळवावी. फाइल फार फुगू नये म्हणून ही व्यवस्था जुन्या फाइलचे नाव बदलते व नवी कोरी फाइल सुरू करते. चुकीच्या मांडणीचा एजंट जुन्याच फाइलला चिकटून बसतो. कधी नव्या फाइलचे अधिकार बदललेले असतात. तर कधी लिहिणारी सेवाच जुन्या फाइलमध्ये लिहीत राहते. नाव न बदलता मजकुराची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करण्याचा पर्यायही आहे. त्यात प्रत काढणे व फाइल रिकामी करणे यांमधल्या क्षणी पडलेल्या ओळी कायमच्या हरवू शकतात.

यानंतर वाटेची पाळी. जुन्या सिसलॉग पद्धतीत ओळी यूडीपीने, बहुधा ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर जातात. यूडीपी म्हणजे पोच न मागता टाकलेले साधे पत्र. पावसाळ्यात शाखेची लाइन दहा मिनिटे गेली, तर त्या दहा मिनिटांच्या ओळी मध्यवर्ती संगणकावर सापडत नाहीत. टीसीपी अधिक भरवशाचे, पण तेही निर्दोष नाही. लाइन तुटली असता ओळी डिस्कवर साठवून मागाहून पाठवणारी रांग एजंटमध्ये चालू असावी लागते. वाट तपासण्यासाठी ‘लॉगर’ या आज्ञेने ओळखीचा शब्द असलेली एक ओळ मुद्दाम सोडावी आणि ती कोणत्या टप्प्यापर्यंत पोहोचली हे पाहावे. मधल्या फायरवॉलचा नियम बदलला असेल, तर येथे उघड होते. स्वीकारणाऱ्या टोकालाही जागा संपते. इलॅस्टिकसर्च या प्रचलित भांडारात डिस्क ९५ टक्के भरली की मूळ मांडणीनुसार नव्या नोंदी घेणे थांबते.

सर्वांत फसवे प्रकरण घड्याळाचे. जुन्या सिसलॉगच्या ओळीत साल नसते आणि कालविभागही नसतो. सर्व्हरने भारतीय वेळेनुसार सकाळी १० लिहिले व केंद्राने ती जागतिक वेळ मानली, तर ती नोंद आपल्याकडे दुपारी साडेतीनची ठरते. ‘गेल्या १५ मिनिटांतील नोंदी’ दाखवणारा पडदा मग कोराच राहतो. नोंद आलेली असते, पण ती भविष्यकाळात जाऊन बसलेली असते! सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपण्यासोबतच घड्याळे राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवण्यास सांगितले, ते उगीच नव्हे. पडघ्याची ओळ आधी की कळव्याची, हे घड्याळे जुळलेली असतील तरच ठरवता येते.

बिघाड लवकर कळावा यासाठी उपाय साधा आहे. प्रत्येक सर्व्हरने दर पाच मिनिटांनी ‘मी आहे’ अशी एक ओळ त्याच फाइलमधून, त्याच वाटेने पाठवावी आणि ती न आल्यास केंद्राने इशारा द्यावा. केवळ ‘पिंग’चे उत्तर पुरेसे नाही, त्यातून यंत्र जागे असल्याचे कळते, लॉग येत असल्याचे नव्हे. इशारा देणारा एसएमएस मात्र वेगळ्या लाइनवरून निघालेला बरा. ज्या राउटरमुळे नोंदी अडल्या, त्याच राउटरमागे इशाराही अडकून पडलेला असू शकतो.