टोचणीने उमटणारी अक्षरे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चपला शिवणाऱ्या कारागिराच्या हातातील आरी कोणी पाहिली नसेल? फ्रान्समधील कूव्रे गावी खोगिरे करणाऱ्या एका कारागिराच्या तीन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात अशीच आरी शिरली, आणि पुढे त्याचे दोन्ही डोळे गेले. १८०९ साली जन्मलेला तो मुलगा म्हणजेच लुई ब्रेल.

पॅरिसच्या अंधशाळेत त्या काळी उठावाची मोठी अक्षरे असलेले ग्रंथ होते. ते चाचपून वाचता येत. परंतु विद्यार्थ्याला स्वतः दोन ओळी लिहिता येत नसत. अंधाने वाचावे ते इतरांनी छापलेलेच, अशी ती परस्वाधीनता होती. चार्ल्स बार्बिये यांनी बारा टिंबांची लिपी व ती टोचण्याची खाचांची पाटी तेथे आणली. ब्रेलने टिंबे सहावर आणली. त्यामुळे अक्षर बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात मावू लागले. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने ही लिपी सिद्ध केली.

तिचे साधन अगदी साधे आहे. बिजागरीने जोडलेल्या दोन पट्ट्यांमध्ये जाड कागद धरावयाचा. वरच्या पट्टीत चौकोनी खिडक्या आणि खालच्या पट्टीत प्रत्येक खिडकीखाली सहा खळगे असतात. टोचणी दाबली की कागदाच्या मागील बाजूस टिंब उठते. म्हणूनच लिहावयाचे उजवीकडून डावीकडे, अक्षर उलटे करून. कागद उलटला की वाचावयाचे डावीकडून उजवीकडे. 'म' वाचताना डाव्या रांगेत वर व खाली आणि उजव्या रांगेत वर टिंब लागते. टोचताना मात्र या रांगांची अदलाबदल होते.

मुंबईत १९०० साली अमेरिकन मिशनने अंधशाळा काढली. भारतीय भाषांसाठी तेव्हा निरनिराळ्या ब्रेल पद्धती असल्यामुळे एका शाळेचे लेखन दुसरीकडे वाचता येईलच असे नसे. १९५१ साली भारती ब्रेल स्वीकारले गेल्यावर ही अडचण सरली. त्याच वर्षी अमेरिकेत पर्किन्स यंत्र आले. त्यात सहा टिंबांसाठी सहा कळा असून अक्षर सरळच उमटते. परंतु ते जड व महाग. पाटी-टोचणी मात्र पिशवीत मावते.

आज बोलणारे दूरध्वनी पत्र वाचून दाखवितात. तथापि ऐकून शब्दातील ऱ्हस्व-दीर्घ वा जोडाक्षर नेमके कळतेच असे नाही. ते बोटांना कळते. ज्या जातीच्या अवजाराने ब्रेलची दृष्टी नेली, त्याच जातीच्या अवजाराने अंधाच्या हाती लेखणी दिली.