दीक्षाभूमीला निघण्याआधी मागच्या सीटचा बेल्ट शोधा

अशोक विजयादशमी जवळ आली की वस्त्यावस्त्यांत गाड्या ठरू लागतात. कोणाची बोलेरो, कोणाची इको, कुठे चार घरांनी मिळून केलेली क्रूझर. रात्री जेवून निघायचे, पहाटे नागपूर गाठायचे, दिवसभर दीक्षाभूमीवरच्या रांगेत आणि पुस्तकांच्या स्टॉलवर काढायचा आणि रात्री लगेच परत फिरायचे, कारण दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचे असते. पुढे 6 डिसेंबरला चैत्यभूमी, 1 जानेवारीला भीमा कोरेगाव, 20 मार्चला महाड. आपल्यातले हजारो लोक वर्षातून अनेकदा असा लांबचा प्रवास करतात, आणि तोही बहुधा रात्री, खच्चून भरलेल्या गाडीत, न झोपलेल्या ड्रायव्हरच्या भरवशावर. वर्गणी, जेवण, पाणी, बॅनर यांवर आपल्या बैठकांत तासन्‌तास चर्चा होते. सीटबेल्टवर एक मिनिटही होत नाही. आमच्याही बैठकांत होत नव्हती, हे आधीच कबूल करतो.

बाबासाहेबांनी स्वतःच्या एका अपघाताची आठवण ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवली आहे. 1929 साली ते मुंबईला परतत होते. चाळीसगावच्या लोकांनी आग्रह केला म्हणून ते तिथे उतरले. स्टेशनवरून महारवाड्यात जाण्यासाठी टांगा हवा होता, पण टांगेवाले अस्पृश्य माणसाला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हते. शेवटी एकाने टांगा दिला, मात्र हाकायला नकार दिला. पाहुण्याने पायी चालणे लोकांना कमीपणाचे वाटले, म्हणून आपल्यातल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याने टांगा कधी हाकलाच नव्हता. थोडे अंतर जाताच एका मोटारीशी टक्कर होता होता राहिली. पुढे नदीवरच्या पुलावर टांगा आदळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत गेले. त्यांचा पाय मोडला.

या प्रसंगातला मुख्य दोष जातीचा होता. बाबासाहेबांनीही तेच शेवटी ठळकपणे मांडले. पण आपला मान राखण्यासाठी लोकांनी आपला जीवच धोक्यात घातला, हेही त्यांनी तिथेच नोंदवले आहे. त्या दिवशी हाकणाऱ्याला ‘तुला येते का?’ असे कोणी विचारले नाही. आजही आपण विचारत नाही. ड्रायव्हर ओळखीचा असतो, त्याला टोकले तर वाईट वाटेल म्हणून आपण गप्प बसतो.

आता बेल्टकडे येऊ. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी समोर आदळते तेव्हा गाडी थांबते, आतला माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जात राहतो, डॅशबोर्ड, काच किंवा पुढची सीट त्याला अडवेपर्यंत. हा धक्का सुमारे 14 मीटर उंचीवरून, म्हणजे चार-साडेचार मजल्यांवरून खाली पडण्याएवढा असतो. दोन्ही हातांनी पकडून बसलो तरी हा धक्का हातांना पेलत नाही. तीन ठिकाणी अडकणारा आजचा बेल्ट तो धक्का खांदा, छाती आणि कमरेच्या हाडांवर वाटून घेतो. व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी तो 1959 मध्ये तयार केला आणि कंपनीने त्याचे पेटंट सगळ्या जगाला वापरू दिले. ‘एअरबॅग आहे, मग बेल्ट कशाला?’ असे पुष्कळ जण म्हणतात. एअरबॅग बेल्टला जोड म्हणून असते. ती क्षणार्धात प्रचंड जोराने फुगते, आणि बेल्ट नसलेला माणूस नेमका त्याच क्षणी तिच्यावर जाऊन आदळला तर तीच त्याला जखमी करू शकते.

मागच्या सीटवर बेल्ट लागत नाही, ही समजूत आपल्याकडे सर्वांत पक्की आहे. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागे बसले होते, बेल्ट लावलेला नव्हता, आणि गाडी महागडी होती. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार त्या एका वर्षात बेल्ट न लावलेले 16,715 जण देशात मरण पावले. त्यांपैकी 8,331 चालक नव्हते, प्रवासी होते. म्हणजे जवळपास निम्मे. शिवाय मागचा बेल्ट नसलेला माणूस अपघातात पुढच्या माणसाच्या पाठीवर जाऊन आदळतो. पुढच्याने बेल्ट लावला असला तरी तो सुरक्षित राहत नाही.

आपल्या गाड्यांत मागचे बक्कल सापडतच नाही, ही खरी अडचण आहे. गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात आपण सीट कव्हर चढवतो आणि बक्कल त्याखाली कायमचे दडपले जाते. पुढच्या बेल्टचा आवाज बंद करण्यासाठी रिकामी क्लिप खोचलेली असते. मागच्या काचेवर ‘जय भीम’, आरशाजवळ निळा झेंडा, आणि बेल्टच्या जागी दहावीस रुपयांची क्लिप! ज्या घरातला पहिला पगारदार हप्त्यावर पहिली गाडी घेतो, त्या घराचा सगळा आधार त्या एका माणसावर असतो. तो गेला तर मुलांचे शिक्षण थांबते आणि घर पुन्हा दोन पिढ्या मागे जाते.

लहान मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसण्याची सवय त्याहून वाईट. ताशी 50 किलोमीटरच्या धडकेत 10 किलोचे मूल सुमारे 200 किलोच्या जोराने हातातून ओढले जाते. ते धरून ठेवता येत नाही. आणि आईचा स्वतःचा बेल्ट नसेल तर आई मुलावर आदळते. मुलाला मागे बसवा, शक्य असेल तर मुलांसाठीच्या वेगळ्या सीटवर. 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा अशी सीट न लावल्यास केंद्रीय मोटार वाहन कायद्यात 1,000 रुपये दंड आहे.

पिकअप, टेम्पो, आयशर यांतून माणसे नेण्याबद्दल कार्यकर्त्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. माल नसताना मालवाहू गाडीतून नुसते प्रवासी म्हणून गेलेल्यांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वीसहून अधिक वर्षांपूर्वीच स्पष्ट केले आहे. अपघात झाला की ती जबाबदारी गाडीमालकावर येते, आणि मालक बहुधा आपल्याच वस्तीतला, स्वतः कर्जात असलेला. ‘पुण्याचे काम आहे, काही होत नाही’ म्हणून ज्यांना आपण ट्रॉलीत बसवतो, त्यांच्या घरच्यांच्या हाती शेवटी काही लागत नाही.

14 एप्रिलच्या बाईक रॅलीबद्दलही बोलायला हवे. तीन-तीन जण, हातात झेंडा, डोक्याला निळा फेटा आणि हेल्मेट एकाकडेही नाही. 2022 मध्ये हेल्मेट न घातलेले 50,029 दुचाकीस्वार देशात मरण पावले. हेल्मेटवर निळी पट्टी लावून रॅली काढली तर उत्साह कमी होणार नाही.

आपण विहारात पंचशील घेतो. पाचव्या शीलात मद्याबरोबर ‘पमाद’ हा शब्द येतो, म्हणजे बेसावधपणा. तथागतांच्या अखेरच्या उपदेशातही भर अप्पमादावर, सावधपणावर आहे. दारू न पिता, पण सलग दोन रात्री जागून गाडी चालवणारा माणूस बेसावधच असतो. ताशी 100 च्या वेगात चार सेकंद डोळा लागला तर गाडी 110 मीटर आंधळी धावते. समृद्धीसारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर हे सहज घडते. चहा पिऊन ही झोप जात नाही. गाडी थांबवून थोडे झोपावे लागते, किंवा दुसरा ड्रायव्हर बरोबर असावा लागतो.

रस्त्यात दुसऱ्या कोणाचा अपघात दिसला तर थांबा. 108 ला फोन करा. जखमीला मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने हे संरक्षण कायद्यातच आले आहे. मे 2025 पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचारांची केंद्रीय योजनाही लागू आहे. रुग्णालयात तिचे नाव घेऊन विचारा.

या वर्षी गाडी ठरवण्याच्या बैठकीत आम्ही दोन कामे वाटून घेतली आहेत. एकाने आदल्या दिवशी सगळ्या गाड्यांची सीट कव्हरे उचलून बक्कले वर काढायची. दुसऱ्याने निघताना ड्रायव्हरला एकच विचारायचे: काल रात्री किती तास झोपलात?