लवणासुराचे गाव

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार या नावाची उपपत्ती पुराणकथा लवणासुरापाशी नेऊन पोहोचविते. विष्णूने त्या दैत्याचा वध केला, म्हणून गावातील चालुक्यकालीन मंदिर दैत्यसूदनाचे. दुसरी उपपत्ती अधिक रोखठोक आहे: सरोवराचे पाणी खारे, म्हणून गाव लोणार. वस्तुतः या दोहोंत विरोध नाही. असुराच्या नावातही लवणच आहे.

या लवणावर एके काळी बाजार चालत असे. काच व साबण यांसाठी लागणारी द्रव्ये येथे मिळतात आणि त्यांपासून सरकारला उत्पन्न होते, अशी नोंद अबुल फजलाने 'आईन-ए-अकबरी'त केली आहे. पाणी ओसरले की काठावर क्षारांचे थर उरत; दल्ला, पापडी, भुसकी अशी त्यांची निरनिराळी नावे होती. दैत्य मेला खरा, पण खजिन्याला तो पुढेही उपयोगी पडत राहिला! हे विवर उल्कापाताने झाले, हे ज्ञान फार अलीकडचे.

क्षारांचा तो व्यापार संपला; उत्सव मात्र टिकले. मे महिन्याच्या मध्यास सूर्यकिरण दैत्यसूदनाच्या मूर्तीवर पडतात, ते पाहावयास लोक जमतात. नवरात्रात तर विवराच्या तळाशी, सरोवराकाठच्या कमळजा देवीची यात्रा भरते. हा परिसर 2000 साली अभयारण्य झाला आणि 2020 मध्ये सरोवर रामसर यादीत गेले. साहजिकच यात्रेच्या गर्दीकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

हा संशय अर्धाच न्याय्य आहे. 2020 च्या उन्हाळ्यात पाणी आटून क्षारता वाढली आणि सरोवर गुलाबी झाले. ती क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची किमया होती. पुढे उलट घडले. पातळी वाढत पाणी देवीच्या मंदिरापर्यंत आले. गोडे पाणी असेच मिसळत राहिले, तर ज्या खारेपणाने गावाला नाव दिले तोच विरळ होईल. त्यात गावच्या सांडपाण्याची भर. ही तक्रार उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेली आहे. नऊ दिवसांच्या यात्रेवर निर्बंध घालण्यास एक हुकूम पुरतो. सांडपाणी बारा महिने अडवावयाचे तर दरसाल पैसा लागतो, आणि तो नगर परिषदेने द्यावा की शासनाने, येथेच घोडे अडते. सरोवरात कोठून किती पाणी उतरते, याचे मोजमाप निदान दरवर्षी नवरात्रापूर्वी प्रसिद्ध व्हावे. उतरणीवरून देवीकडे जाणाऱ्या भाविकांनाही ते वाचता आले पाहिजे.