अंड्यातलं पाणी

मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी आणि सस्तन हे पृष्ठवंशीयांचे पाच वर्ग शाळेत पाठ होतात आणि परीक्षा संपली की विसरले जातात. पाठीचा कणा आणि मेंदू जपणारी कवटी तर सगळ्यांकडेच आहे; मग फरक कशात? मला तो सगळ्यांत स्वच्छ दिसतो अंड्यात. वाढत्या गर्भाला पाणी हवेच. ते कुठून मिळवायचे, याची प्रत्येक वर्गाची तऱ्हा वेगळी, आणि या बहुतेक तऱ्हा कोकणात नि त्याच्या माथ्यावरच्या सह्याद्रीत पाहायला मिळतात.

समुद्रात प्रश्नच नाही. बांगड्याची मादी लाखभर अंडी पाण्यात सोडून मोकळी होते. ज्ञात पृष्ठवंशीयांपैकी निम्म्याहून अधिक जाती माशांच्याच आहेत. जबडा नसलेले लॅम्प्रे थंड पाण्यातले, त्यांना इथे सोडून देतो. पण मुशीपाशी थांबायलाच हवे. बाजारात मुशी हातात घेऊन डोक्यामागे बोट फिरवा, पाच उघड्या चिरा लागतात. बांगड्याच्या कल्ल्यांवर असते तसे झाकण इथे नाही. कातडी शेपटीकडून डोक्याकडे चोळली तर कानशीसारखी खरखरते आणि सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. आपल्या किनाऱ्यावर सर्रास मिळणाऱ्या चपट्या तोंडाच्या छोट्या मुशीच्या पोटात तर पिल्ले नाळेने आईला जोडलेली असतात. नाळ ही सस्तनांची मक्तेदारी, असे समजणाऱ्याने कोळणीच्या पाटीत एकदा डोकावावे.

जमिनीवर आल्यावर खरी अडचण सुरू होते. बेडकाच्या अंड्याला कवच नाही. उघड्यावर राहिले की वाळलेच. म्हणून उभयचरांची सारी भिस्त पावसावर. आंबोलीच्या सड्यावर, जांभ्या खडकातल्या वीतभर डबक्यांत, अंगावर पट्टे असलेला एक छोटा भेक अंडी घालतो. विज्ञानाला त्याची ओळख २००९ साली झाली आणि आंबोलीचा परिसर सोडून तो कुठेच सापडलेला नाही. पाऊस चार दिवस उघडला तर डबके आटते आणि पिढी जाते. सड्याला कागदोपत्री ‘पडीक’ म्हणणाऱ्यांनी हे डबके ओणव्याने पाहावे, असे मला मनापासून वाटते. सह्याद्रीतल्या इतर बेडकांनी आणखी वाटा काढल्या आहेत. एक जण ओढ्यावर ओणवलेल्या पानावर अंडी चिकटवतो, म्हणजे डिंभ बाहेर पडले की थेट पाण्यात टपकतात. झुडपांत राहणाऱ्या कित्येक चिमुकल्या बेडकांत तर डिंभाची अवस्थाच नाही. अंड्यातून बाहेर येतो तो आयता बेडूक. आणि मातीत राहणारे, पाय नसलेले देवगांडूळही उभयचरच. त्याच्या कित्येक जातींत मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते. गांडूळ समजून कुदळीने तोडले जाणारे हे जनावर कण्याचे आहे, हे शेतावर फार थोड्यांना ठाऊक असते.

सरीसृपांनी पाणीच अंड्यात भरून घेतले. बाहेर कवच, आत गर्भाभोवती पाण्याची पिशवी. वेळासच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवीण शंभरेक अंडी पुरून समुद्राकडे परतते. ही अंडी पूर्वी सर्रास खणून नेली जात. २००२पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली, आणि किनाऱ्याची रीतच बदलली. पिल्लू नर की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरते: थंड वाळूत नर, तापलेल्या वाळूत माद्या. उन्हाळे असेच चढत गेले तर काय, ही चिंता म्हणूनच खरी आहे. घाटातला हिरवा चापडा साप मात्र अंडी पोटातच ठेवतो आणि जिवंत पिल्ले देतो.

वाशिष्ठी नदीतली मगर पाहताना वर्गांची कुंपणे सर्वांत डळमळतात. पाल, साप आणि कासव यांच्या हृदयाला तीन कप्पे. मगरीला चार, पक्ष्यांसारखे. ती पिल्लांना जबड्यात धरून पाण्याशी नेते. तिचे जवळचे नाते पालीशी नसून कोंबडीशी आहे, आणि म्हणून आज अनेक अभ्यासक पक्ष्यांना सरीसृपांच्याच शाखेत बसवतात. मला ते पटते. पिसे, पोकळ हाडे आणि उष्ण रक्त ही पक्ष्यांची मिळकत. अंडे मात्र घराण्याचेच, फक्त आता ते उबवावे लागते. धनेशाची मादी त्यासाठी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर आठवडेच्या आठवडे फटीतून फळे भरवतो. अशा ढोलीला जुने, जाड झाड लागते. देवराया तुटल्या की धनेश बिऱ्हाड थाटणार कुठे?

सस्तनांनीही ती पिशवी टाकलेली नाही. बाळंतपणात फुटते ती पाणमोट म्हणजे कासवाच्या अंड्यातलेच ते आवरण. प्लॅटिपस आणि एकिडना आजही अंडी घालतात. बाकीच्यांनी कवच सोडले, पिशवी पोटात ठेवली. केस, दूध आणि कानातली तीन हाडे या सस्तनांच्या खुणा; त्या तिनांतली दोन पूर्वजांच्या जबड्यातून आली आहेत. खवले मांजराचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे, आणि त्यांच्यामधून राठ केस डोकावतात. त्या खवल्यांपायीच त्याची शिकार होते. २०१६ साली त्याच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली, पण चोरटा व्यापार चालूच आहे. बांगड्यासारखी लाखभर अंडी इथे नाहीत. मादी बहुधा एका खेपेला एकच पिल्लू देते.