रिपोर्टमधली ‘हर-टू’ची ओळ

मैत्रिणींनो, स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट हाती आला की आपण एकच विचारतो, ‘कॅन्सर आहे का?’ ‘हो’ म्हटलं की पुढचं कुणी वाचतच नाही. छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ साली सुरू झालं. जालना, बीडकडच्या बायका तिथं येतात. ओळखीतल्या काहीजणी फाइल घेऊन माझ्याकडेही येतात, ‘ताई, यात काय लिहिलंय?’ मी आधी ‘हर-टू’ची ओळ शोधते.

आपल्या पेशींत कायनेज नावाची प्रथिनं असतात. त्यांचं काम बटणासारखं. एका प्रथिनाला फॉस्फेट चिकटवलं, की ‘वाढ’ हा निरोप पुढे जातो. काम झालं की बटण बंद. हर-टू हे पेशीच्या अंगावरचं असंच एक कायनेज. स्तनाच्या कॅन्सरच्या १०० रुग्णांपैकी साधारण १५ ते २० जणींच्या गाठीत त्याची नुसती गर्दी होते. मग बोअरच्या मोटारीचं बटण अडकावं तसं होतं. टाकी भरून वाहते, तरी मोटार चालूच! गाठ भराभर वाढते, पसरायचा धोकाही वाढतो.

पण घाबरू नका. याच बटणावर औषध आहे. ट्रॅस्टुझुमॅब हे इंजेक्शन हर-टूला बाहेरून चिकटून निरोप अडवतं. अमेरिकेत त्याला १९९८ साली मान्यता मिळाली. बेंगळुरूच्या बायोकॉननं २०१४ साली आपल्याकडे त्याचं स्वस्त रूप आणलं. लॅपॅटिनिबची गोळी पेशीच्या आत शिरून कायनेज थांबवते. इंजेक्शन बहुधा दर तीन आठवड्यांनी, वर्षभर चालतं. हृदयावर ताण येऊ शकतो, म्हणून मधूनमधून इको करावा लागतो.

रिपोर्टमध्ये ३+ असेल तर हर-टू पॉझिटिव्ह. २+ असेल तर ‘फिश’ ही आणखी एक तपासणी लागते. नेमकी इथंच घरात कुरकुर सुरू होते, ‘आता आणखी खर्च कशाला?’ ही तपासणी टाळू नका. तिच्यावरच औषध ठरतं. खर्चाचं काय, ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा.

घरातल्या सगळ्यांची दुखणी काढणारी बाई स्वतःची फाइल मात्र नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हाती देते. तसं करू नका. डॉक्टरांना तुम्हीच विचारा, ‘माझं हर-टू काय आलंय?’