किती लिहिलं, किती उद्धृत झालं

दोंडाईच्याच्या बाजारात नुसती पोती मोजून मिरचीचा भाव निघत नाही; माल हातात घेऊन बघावा लागतो. संशोधकाची पारख करायला भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये एच-निर्देशांक सुचवला. प्रत्येकी किमान २० वेळा उद्धृत झालेले २० निबंध असतील, तर निर्देशांक २०. सोपं आहे, पण फसवंही: एकच अभ्यास किती दूर पोहोचतो, ते त्यात दिसत नाही. हे उदाहरण बघा.

१९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवांचा अभ्यास केला. जिथे हादरे बसले पण पडझड झाली नाही, तिथेही ‘याहून मोठं संकट येतंय’ हेच पसरत होतं. घाबरलेली माणसं स्वतःला आणखी का घाबरवतील? मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी उत्तर काढलं: भीती आधीच होती, अफवेनं तिला कारण पुरवलं. त्यांचा १९५७ चा बोधात्मक विसंगतीचा सिद्धांत घडला तो या कोड्यातून. संशोधकाच्या नावावर असा एकच निबंध असेल तर मात्र, तो लाखदा उद्धृत झाला तरी, निर्देशांक १ च राहतो!