खड्ड्यांचे गाणे कोणी ऐकावे?

जुलै २०१७ मध्ये रेड एफ.एम.च्या निवेदिका मलिष्का यांनी, त्या दिवसांत घरोघरी वाजणाऱ्या ‘सोनू’ गीताच्या चालीवर मुंबईच्या खड्ड्यांचे आणि पावसाळी खोळंब्याचे विडंबन गायिले. ते महानगरपालिकेतील सत्ताधाऱ्यांना इतके झोंबले, की नगरसेवकांनी ५०० कोटींच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची मागणी केली, आणि मलिष्कांच्या वांद्र्याच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीसही तत्परतेने बजावण्यात आली. (हीच चपळाई रस्ते खात्याने दाखविली असती तर!) रागदारी शोधणाऱ्या रसिकाने या वाटेस जाऊ नये, परंतु आरे मार्गावरून रिक्षात कंबर सावरीत गोरेगाव स्थानक गाठणाऱ्यास, किंवा तक्रारअर्जांच्या शिक्का मारलेल्या पोचपावत्या फायलीत जपणाऱ्या सोसायटीच्या चिटणीसास ते मनापासून रुचेल.